गोडी आधी की शिकणे आधी : द्विशिक्षकी शाळेतील अध्यापनाचा एक विचार

प्राथमिक शाळेतील मुलाला शिकण्याची गोडी कशी लावावी, हा प्रश्न शिक्षण परिषदांत, पालकसभांत आणि प्रशिक्षणवर्गांत वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : आधी मुलाचे मन शाळेत रमवावे, गाणी-गोष्टी-खेळ यांनी वातावरण प्रसन्न ठेवावे, भिंती रंगवाव्यात, म्हणजे गोडी लागेल आणि गोडी लागली की मूल आपसूक शिकू लागेल. या उत्तरात तथ्य आहे. परंतु त्यात गृहीत धरलेला क्रम तपासून पाहण्यासारखा आहे. जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर प्रस्तुत लेखिकेने वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा अनुभव असे सुचवतो की, शाळेची ओढ आणि शिकण्याची गोडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गाण्याने, मधल्या सुट्टीने, खिचडीने किंवा मैत्रिणींच्या सोबतीने लागू शकते. दुसरी मात्र कालपर्यंत न जमणारे काही आज स्वतःच्या हाताने जमल्याखेरीज लागत नाही. म्हणजे गोडी ही बऱ्याचदा शिकण्याच्या आधी येत नाही, शिकण्याच्या पोटी जन्माला येते. आणि असे असेल तर शिक्षकाचे लक्ष मुलाला उत्साहित करण्याकडे जितके हवे त्याहून अधिक ते मुलासमोर ठेवल्या जाणाऱ्या कामाच्या घडणीकडे हवे, हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

ज्या शाळेतील कामावर हे विवेचन आधारलेले आहे, ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका वस्तीवर आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यानुसार प्राथमिक वर्गांची एकूण पटसंख्या ६० पर्यंत असेल तर शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे चार इयत्ता आणि दोन शिक्षक ही राज्यातील असंख्य लहान शाळांची रोजची स्थिती आहे. एका शिक्षकाने एकाच वेळी, एकाच खोलीत दोन किंवा अधिक इयत्तांना शिकवणे याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. या पट्ट्यातील आणखी एक वास्तव म्हणजे ऊसतोडीचे स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठे मूल सोबत न्यावेच लागते. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहाची सोय केली आहे, म्हणजे हंगामापुरती गावातच जेवणाची व राहण्याची व्यवस्था. तरीही काही मुले फडावर जातातच. अशी मुले वर्ष संपताना वर्गात परत येतात, तेव्हा ‘प्रेरणा’ हा शब्द पुस्तकी राहत नाही. मधल्या काळात वर्ग पुढे गेलेला असतो, मूल मागे राहिलेले असते, आणि शाळेत यायला त्याचे पाय का जड होतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिक्षणाच्या मानसशास्त्रात प्रेरणेचे दोन प्रकार मानले जातात. बक्षीस, कौतुक, गुण किंवा शिक्षेची भीती अशा कामाबाहेरच्या कारणासाठी काम करणे ही बाह्य प्रेरणा. आणि ते करण्यातच समाधान वाटते म्हणून करणे ही आंतरिक प्रेरणा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आंतरिक प्रेरणेच्या मुळाशी माणसाच्या तीन गरजा असल्याचे मांडले : आपल्या कृतीवर आपला काही ताबा आहे असे वाटणे, म्हणजे स्वायत्तता; आपल्याला हे जमते अशी खात्री, म्हणजे क्षमतेची जाणीव; आणि भोवतालची माणसे आपल्याला आपले मानतात हा विश्वास, म्हणजे आपलेपणा. ही मांडणी वर्गाला लावून पाहिली असता असे दिसते की, आपल्याकडील चर्चेत आपलेपणाला मानाचे स्थान मिळते, स्वायत्ततेचा उल्लेख अधूनमधून होतो, आणि क्षमतेची जाणीव मात्र परीक्षेच्या खात्यात टाकून दिली जाते. प्रत्यक्षात खडू-फळ्याच्या रोजच्या व्यवहारात याच गरजेची उपासमार सर्वांत अधिक होत असते.

बाह्य प्रेरणेबाबतचा एक प्रयोग शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळातच रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची हौस असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना चित्र काढल्यास सोनेरी मोहोर आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात तीच पेने मोकळेपणाने ठेवली असता, बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रे काढण्यात घालवला. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते, त्यांची हौस कमी झाली नाही. बक्षीस वाईट असते, असा याचा अर्थ नाही. ज्या कामात मुलाला आधीच रस आहे त्याला बक्षिसाची बोली जोडली की ते काम मुलाच्या लेखी बक्षिसाचे साधन बनते, एवढा याचा अर्थ आहे.

याची प्रचिती मराठी शाळेतही येते. वाचनकोपऱ्यातील पुस्तक वाचून झाले की नावापुढे चांदणी चिकटवायची, असा तक्ता अनेक वर्गांत आढळतो, आणि या शाळेतही तो काही काळ होता. तक्ता लागताच पुस्तके भराभर फिरू लागली. परंतु थोडे बारकाईने पाहिले असता मुले सर्वांत कमी पानांची पुस्तके शोधत होती, चित्रांवरून नजर फिरवून पुस्तक परत ठेवत होती, आणि ज्या मुलांना अजून वाचता येत नव्हते ती आपल्या कोऱ्या रांगेकडे पाहून वाचनकोपऱ्यापासून दूर सरकत होती. पुढे तक्त्याच्या जागी एक साधी वही टांगली गेली, तिच्यात ज्याला वाटेल त्याने पुस्तकातले आवडलेले एखादे वाक्य किंवा चित्र उतरवायचे, असे ठरले. पुस्तकांची उलाढाल मंदावली, पण एकाने उतरवलेले वाक्य कोणत्या पुस्तकातले, हे शोधायला दुसरा जाऊ लागला. ज्या मुलांना वाचता येत नव्हते, त्यांनाही चित्र उतरवण्याची मुभा असल्याने वहीत जागा मिळाली.

मराठी मुलखाला या विचाराची जुनी परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी आकाराला आली. आणि गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांसाठी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा भरली. १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि आनंददायी शिक्षणाचा विचार प्राथमिक शाळेच्या चार इयत्तांत, नेहमीच्या अभ्यासक्रमाशी सांगड घालून राबवून दाखवला. या सर्वांच्या कामाचा पुष्कळदा ‘हसत-खेळत शिक्षण’ एवढाच सारांश सांगितला जातो, तो अपुरा आहे. त्यांच्या शाळांत खेळ होताच. परंतु त्याच्याइतकेच हाताने करण्याचे खरे काम होते, निरीक्षण होते, प्रश्न होते, आणि मुलाला झेपेल पण थोडा घाम काढील अशी अडचण जाणीवपूर्वक मांडलेली होती. पुढील काळात प्रशिक्षणवर्गांतून आनंददायी शिक्षणाची गाणी आणि टाळ्या गावोगाव पोहोचल्या. अडचण नीट मांडण्याचे कसब त्या वेगाने पोहोचले नाही.

अडचण किती मोठी असावी, याविषयी लेव्ह व्हिगोट्स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाची एक संकल्पना मार्गदर्शक ठरते. मूल एकटे जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीनेही जे अद्याप करू शकत नाही, या दोहोंच्या दरम्यानच्या पट्ट्याला तो समीपस्थ विकासाचे क्षेत्र म्हणतो. थोड्या मदतीने जमेल असे सारे या पट्ट्यात येते, आणि शिकवणे फलदायी व्हायचे तर ते याच पट्ट्यात व्हावे लागते. पट्ट्याच्या अलीकडचे काम दिले की मूल कंटाळते, पलीकडचे दिले की हिरमुसते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मुले सारखीच, म्हणजे ‘अभ्यासात लक्ष नसलेली’ दिसतात. म्हणून ‘याला गोडी नाही’ असे निदान करण्याआधी त्याच्यासमोरचे काम पट्ट्याच्या अलीकडचे आहे की पलीकडचे, हे पाहणे आवश्यक ठरते.

यासाठी वजाबाकीचे उदाहरण पाहता येईल. तिसरीतील एका मुलीने ५२ वजा २७ हे उदाहरण सोडवताना उत्तर ३५ लिहिले. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. तिच्यामागे एक नियम होता, आणि तो तिने सगळ्या वहीभर इमानेइतबारे पाळला होता : मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. तिच्या वहीवर लाल शाईच्या फुल्या मारणे किंवा ‘हातचा घे’ असे पुन्हा एकदा सांगणे, या दोन्ही उपायांनी तो नियम हलला नसता, कारण हातचा ही तिच्यासाठी अंकांच्या डोक्यावर लिहायची खूण होती. तिच्यामागचा दशक तिने कधी हाताळलाच नव्हता. तिच्यापुढे पऱ्हाटीच्या बोटभर काड्या ठेवण्यात आल्या, दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यांतून २७ काड्या शेजारच्या मुलाला द्यायच्या होत्या. तिने दोन गठ्ठे सहज दिले. मग सुट्या दोन दिल्या आणि हात थांबला, कारण सात द्यायच्या होत्या. तिने आधी शिक्षिकेकडे पाहिले, मग शेजाऱ्याकडे, आणि उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे पाहत विचारले, ‘‘बाई, सोडू का एक?’’ होकार मिळताच तिने रबर काढले, आणखी पाच मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि वहीतल्या ३५ कडे पाहून स्वतःच ते उत्तर खोडले.

या प्रसंगात शिकवणे म्हणावे असे थोडेच घडले. महत्त्वाची होती ती मांडणी. पंचवीस हे उत्तर तिला काड्यांनी सांगितले, त्यामुळे चूक दाखवणारे माणूस कोणी नव्हते आणि म्हणून लाजही नव्हती. त्यानंतर तिने काड्या न सोडता आणखी उदाहरणे मागितली, आणि काही दिवसांनी काड्यांवाचून, केवळ दशकाच्या घरात खोडून, तीच क्रिया कागदावर करू लागली. वजाबाकीची गोडी तिला आधीपासून होती असे म्हणता येणार नाही. वजाबाकी कळली तेव्हा ती आली. या टप्प्यावर मराठीत आणखी एक अडचण भर घालते : बावन्न म्हणताना दोन आधी उच्चारले जातात आणि लिहिताना पाच आधी येतात, त्यामुळे ऐकून संख्या लिहिणारी मुले ५२ च्या जागी २५ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची जोड दिली गेली तेव्हा तिच्यावर राज्यभर टीका आणि विनोद झाले. परंतु पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांना ती ज्या अडचणीवर काढली होती ती अनोळखी नव्हती. प्रौढांना जे सवयीने सोपे झालेले असते, ते मुलाला किती पायऱ्यांचे असते, हे विसरले की मुलाचा आळस दिसू लागतो.

वाचनाच्या बाबतीतही असेच घडते. दुसरीतील अनेक मुले पाठ्यपुस्तकातील पाठ खडाखडा ‘वाचतात’, परंतु बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर असते. पाठ ऐकून-ऐकून मुखोद्गत झालेला असतो. चित्र हाताने झाकले किंवा मधलेच वाक्य विचारले की वाचन थांबते. अशा मुलाला वाचनाची गोडी नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण वाचन म्हणजे काय, हेच त्याने अजून अनुभवलेले नसते. त्याला पुन्हा बाराखडीच्या तक्त्यासमोर उभे करण्याऐवजी त्याच्याच तोंडचे वाक्य फळ्यावर लिहिणे हा एक उपाय या शाळेत सातत्याने वापरला गेला. एका मुलाने सकाळी येताच सांगितले, ‘‘मह्या शेळीला दोन करडं झाली.’’ ते वाक्य जसेच्या तसे, ‘मह्या’सह, फळ्यावर आले. आपण बोललो ते फळ्यावर आहे आणि उद्याही तेच म्हणणार आहे, हे त्याला कळले तेव्हा त्याचे बोट पहिल्यांदा शब्दागणिक सरकले. त्यानंतर ‘करडं’ हा शब्द दुसऱ्या वाक्यात शोधणे, ‘क’ने सुरू होणारे वर्गातले आणखी शब्द काढणे, शब्दपट्ट्या उलटसुलट लावून नवे वाक्य करणे, आणि काही काळाने त्याच वाक्याखाली ‘माझ्या शेळीला दोन करडे झाली’ असे पुस्तकी रूप लिहून दोन्ही वाचणे, अशी चढण रचता येते. घरची बोली हे प्रमाण भाषेकडे जाण्याचे पहिले पाऊल मानले, तर मूल बोलायला कचरत नाही. आणि जे मूल वर्गात बोलत नाही त्याला काय येते हे शिक्षकाला कळण्याचा मार्गच उरत नाही.

कौतुकाचा प्रश्न येथे ओघाने येतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले गेले आणि काहींना ‘तू चांगले कष्ट घेतलेस’ असे; पुढे हुशारीची वाखाणणी झालेल्या मुलांचा कल सोपे काम निवडण्याकडे अधिक दिसला आणि अवघड कोड्यात अपयश आल्यावर ती लवकर खचली. हुशार ठरलेल्या मुलाला ती पदवी टिकवायची असते आणि ती टिकवण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे न जमण्याची शक्यता असलेल्या कामाला हात न लावणे. आपल्या वर्गांत ‘हुशार’, ‘मध्यम’ आणि ‘ढ’ ही विभागणी तोंडी असली तरी पक्की असते, आणि तिसऱ्या गटातील मूल तर प्रयत्नच न करणे पसंत करते, कारण न करता चुकणे हे करून चुकण्यापेक्षा कमी दुखते. यावर नुसते ‘शाब्बास, छान प्रयत्न’ म्हणणे हा उतारा नाही; न जमलेल्या कामाला छान म्हटलेले मुलाला तत्काळ कळते. उपयोगी पडते ते नेमके बोलणे : ‘‘तू दशक बरोबर सोडलास, पण सुट्या मोजताना एक राहिली, ती शोध.’’ अशा वाक्यात कौतुकही असते, चूक कुठे आहे याचा पत्ताही असतो, आणि ती शोधण्याचे काम मुलाकडेच राहते.

स्वायत्तता हा शब्द प्राथमिक शाळेसाठी मोठा वाटतो, परंतु बहुवर्ग अध्यापनात ती गरजेपोटीच येते. शिक्षिका पहिलीच्या मुलांना अक्षरगटाची ओळख करून देत असताना दुसरीतील मुलांना त्यांच्या त्यांच्या कामावर सोडावे लागते, आणि ते काम फळ्यावरचे उतरवून काढण्याचे असेल तर वर्ग पाच मिनिटांत गलका करतो. त्याऐवजी तीन प्रकारची कामे ठेवून त्यांतले एक निवडायला सांगितले, म्हणजे काड्यांनी उदाहरणे सोडवणे, जोडीने एकमेकांना शब्द घालणे किंवा गोष्टीचे पुढचे चित्र काढून त्याखाली ओळ लिहिणे, तर मुले बराच काळ गुंतून राहतात. निवड लहान असते, पण ‘मी हे घेतले’ या वाक्यात कामाची मालकी येते. मोठी मुले लहानांना शिकवतात तेव्हा हीच गोष्ट आणखी ठळक होते. चौथीतील जे मूल स्वतःच्या इयत्तेच्या पुस्तकात अडखळते, ते दुसरीतल्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायची म्हणून आदल्या दिवशी त्याच गोष्टीचा कसून सराव करते, आणि त्याला दुसरीचे पुस्तक वाचायला लावल्याचा कमीपणाही वाटत नाही.

ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांच्या बाबतीत या सर्व गोष्टींची कसोटी लागते. फडावरून आलेल्या मुलाला त्याच्या इयत्तेच्या चालू पाठावर बसवले, तर तो पाठ त्याच्या पट्ट्याच्या पलीकडचा असतो. त्याला वेगळे काढून ‘मागे पडलेला’ म्हणून बसवले, तर आपलेपणा तुटतो. ‘प्रथम’ या संस्थेने प्रचलित केलेली एक पद्धत येथे कामी येते : दिवसातील ठराविक वेळ इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या टप्प्यांनुसार करायचे. सगळीच मुले त्या वेळेपुरती इयत्ता सोडतात, त्यामुळे परतलेले मूल एकटे पडत नाही, आणि गट पक्के नसल्याने वरच्या गटात जाणे डोळ्यांसमोर राहते. याला आणखी एक जोड द्यावी लागते. फडावर असताना मुलाने बैलगाड्या मोजलेल्या असतात, मोळ्या बांधलेल्या पाहिलेल्या असतात, टन आणि उचल यांचे हिशेब ऐकलेले असतात, वेगळ्या जिल्ह्याची भाषा कानांवरून गेलेली असते. एका गाडीत किती मोळ्या बसतात, हे वर्गातील बाकीच्यांना ठाऊक नसते. तो हिशेब फळ्यावर आला की महिनाभर गप्प बसू शकणारे मूल माहितगार ठरते, आणि गुणाकार त्याच्याकडून इतरांनी शिकण्याची वेळ येते. केंद्र शासनाचे २०२१ पासूनचे निपुण भारत अभियान तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत संख्याज्ञान यावे हे उद्दिष्ट ठेवते. ते अशा मुलांपर्यंत पोहोचायचे तर अभ्यासक्रमाच्या पानापेक्षा मुलाच्या पातळीपासून सुरुवात करण्याची मोकळीक शिक्षकाला लागते.

प्रत्येक उदासीनतेचे मूळ प्रेरणेत असते असे मात्र मानता येत नाही. फळ्यावरचे उतरवताना सतत शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या मुलाला कधी कधी फळाच दिसत नसतो. हाक मारल्यावर ओ न देणाऱ्याच्या कानात दोष असतो. पहाटे पाणी भरून, भावंडाला आवरून आलेली मुलगी दुसऱ्या तासाला पेंगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत शाळेत होणारी आरोग्य तपासणी आणि दुपारचा पोषण आहार यांचा शिकण्याच्या गोडीशी थेट संबंध असतो, आणि तपासणीत सुचवलेला चष्मा प्रत्यक्ष मिळाला की नाही, याचा पाठपुरावा हा कोणत्याही कृतियुक्त पाठाइतकाच महत्त्वाचा असतो. भीतीचेही तसेच आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. छडी बहुतेक वर्गांतून गेली; परंतु सर्वांसमोर पाढा म्हणायला उभे करून तो चुकण्याची वाट पाहणे, हा प्रकार सवयीने चालू राहतो, आणि त्याने उभ्या मुलाबरोबर बसलेली मुलेही शिकतात, ते म्हणजे पाठीमागच्या रांगेत बसण्याचे महत्त्व.

पालकांची भूमिका या वस्तीवर शहरी पालकांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत बसत नाही. गृहपाठ तपासा, गोष्टी वाचून दाखवा, हे सांगणे जे स्वतः लिहू-वाचू शकत नाहीत अशा आई-वडिलांना केवळ ओशाळे करते. त्यांना सांगण्यासारखी आणि त्यांना सहज करता येणारी गोष्ट एकच आढळली : ‘‘आज काय केलंस ते मला सांग’’ असे मुलाला विचारणे आणि ते सांगत असताना ऐकणे. ज्या मुलाकडून घरी कोणीतरी हे ऐकते, ते शाळेत केलेल्या कामाची उजळणी नकळत करते आणि सांगण्याजोगे काही हाती लागावे म्हणून वर्गात लक्षही ठेवते. शिकलेल्या पालकांच्या घरी उलट अडचण असते. तेथे ‘किती पैकी किती’ हा पहिला प्रश्न असतो आणि शेजारच्या इंग्रजी माध्यमातील मुलाशी तुलना हा दुसरा. दोन्ही घरांत मुलाला हवे असते ते एकच, की त्याच्या कामात कोणाला तरी खरोखर रस असावा.

या अनुभवाचा निष्कर्ष शिक्षकापुरता मर्यादित राहत नाही. शाळाभेटीला येणारे अधिकारी बोलक्या भिंती, साहित्याचे कोपरे, परिपाठातील शिस्त आणि भरलेल्या नोंदवह्या पाहतात, कारण त्या तासाभरात दिसू शकतात. शिकण्याची गोडी त्या तासात दिसत नाही, परंतु तिचा माग मुलाच्या वहीत असतो. ज्या वहीत सगळे बरोबर आहे, ती बहुधा फळ्यावरून उतरवलेली असते. ज्या वहीत चुकीचे उत्तर आहे, ते मुलाने स्वतःच खोडलेले आहे, शेजारी दुसरा प्रयत्न आहे आणि त्याच पानावर कोणी न सांगता सोडवलेले एखादे जास्तीचे उदाहरण आहे, त्या वहीतले मूल शिकत आहे आणि त्याला शिकणे आवडतही आहे. शाळेच्या गुणवत्तेची पाहणी अशा वह्यांपासून सुरू झाली, तर शिक्षकही सजावटीला दिलेला वेळ मुलासमोरचे काम नीट मांडण्याकडे वळवतील, आणि गोडी लावण्याचा निराळा कार्यक्रम आखण्याची गरज बऱ्याच अंशी उरणार नाही.